कंस कुठेही टाका

नोकरीला लागून आठेक महिने झाले असतील. मी लिहिलेला एक प्रोग्राम रात्री पावणेतीनला कोसळला आणि त्या रात्री ज्याची सपोर्टची पाळी होती त्यानं मला झोपेतून उठवलं. काम अगदी साधं होतं: आलेल्या ऑर्डरी प्राधान्यक्रमानं लावायच्या. सी++मध्ये त्यासाठी तयार सॉर्ट मिळतं. दोन ऑर्डरींची तुलना कशी करायची तेवढं आपण सांगायचं. मी सांगितलं होतं, की पहिलीचा क्रमांक दुसरीपेक्षा लहान किंवा तिच्याइतकाच असेल, तर पहिली आधी. एखाद्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावून काम उरकलं असतं. आमच्या टेस्टमध्ये दहा-बारा ऑर्डरी होत्या, आणि सगळं सुरळीत चालत होतं. त्या रात्री एकाच क्रमांकाच्या काहीशे ऑर्डरी एकदम आल्या, आणि सॉर्ट आपली यादी ओलांडून पलीकडच्या मेमरीत शिरलं.

सकाळी टीममधल्या एका सीनिअर बाईंनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून ती ओळ वाचली. त्या म्हणाल्या, "अरे, दोन ऑर्डरी सारख्या असतील तर पहिली दुसरीच्या आधी, आणि दुसरी पहिलीच्याही आधी? असं कसं चालेल?" मग त्यांनी 'पेक्षा लहान' या चिन्हाला चिकटलेलं बरोबरीचं चिन्ह खोडलं आणि त्या चहाला गेल्या.

मी मात्र एका गोष्टीवर अडून बसलो. हाच कंपायलर एक अर्धविराम राहिला तर अंगावर धावून येतो. मग इतकी मोठी चूक त्यानं निमूट कशी गिळली? सॉर्टची काही अट होती आणि मी ती मोडली, तर ती अट लिहिली कुठे होती? ते शोधता शोधता मी मॉस्कोपासून फ्रँकफुर्ट-टोरांटोपर्यंत पसरलेल्या, चव्वेचाळीस वर्षांच्या एका गोष्टीत जाऊन पोचलो.

अपेक्षा

स्थळांच्या जाहिरातीत शेवटी 'अपेक्षा' असा एक रकाना असतो. प्रोग्रामिंगमध्येही तसाच एक रकाना लागतो. का, ते सॉर्टवरूनच बघू. क्रमानं लावण्याची युक्ती एकच असते. मग लावायचे ते आकडे असोत, आडनावं असोत की ऑर्डरी. प्रत्येकासाठी तीच युक्ती पुन्हा लिहिणं मूर्खपणाचं. म्हणून ती एकदाच, 'कोणत्याही प्रकारच्या वस्तूंसाठी' लिहायची. याला जेनेरिक प्रोग्रामिंग म्हणतात. पण 'कोणत्याही' हा शब्द तितकासा खरा नसतो. वस्तूंची आपापसांत तुलना करता आली पाहिजे, त्यांची जागा बदलता आली पाहिजे, यादीत हव्या त्या ठिकाणी थेट उडी मारता आली पाहिजे. या झाल्या अपेक्षा. त्यांच्या एकत्र बांधलेल्या गाठोड्याला 'कन्सेप्ट' असं नाव आहे.

अशा अपेक्षा लिहून ठेवायची गरज लवकरच लोकांच्या लक्षात आली होती. सत्तरच्या दशकात एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लू' नावाची भाषा घडवली. तिच्यात एखादी रचना 'कोणत्याही प्रकारासाठी' लिहिताना, त्या प्रकाराकडे कोणत्या क्रिया असायला हव्यात हे सांगणारं एक कलम जोडता येई. क्रिया नसेल तर कंपायलर अडवणार. मात्र ती क्रिया नेमकं काय करते, तिनं कोणते नियम पाळायला हवेत, यावर ते कलम काही बोलत नव्हतं. माझ्या रात्रीच्या गोंधळाचं मूळ या मोकळ्या जागेत होतं, आणि तिच्याकडे सर्वांत हट्टानं पाहणारा माणूस होता अलेक्झांडर स्टेपानोव.

कच्चा मासा

स्टेपानोव यांचा जन्म १९५० सालचा, मॉस्कोतला. शिक्षण गणिताचं. १९७६ साली कच्चा मासा खाऊन त्यांना भयंकर विषबाधा झाली. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की हॉस्पिटलात ग्लानीत पडलेले असताना त्यांना अचानक एक गोष्ट उमगली: संख्यांची बेरीज एकाच वेळी अनेक ठिकाणी वाटून करता येते, याचं कारण बेरीज साहचर्य गुणधर्म पाळते.

हा गुणधर्म आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. दोन अधिक तीन, आणि मग त्यात चार. किंवा आधी तीन अधिक चार, आणि मग त्यात दोन. कंस कुठेही टाका, उत्तर तेच. पाठ करून विसरून जायची ओळ. पण समजा, तुमच्याकडे दहा लाख संख्या आहेत आणि बेरीज करायला चार माणसं आहेत. प्रत्येकाला अडीच लाख वाटून द्यायच्या आणि शेवटी चार उत्तरं मिळवायची, हे आपण बिनधास्त करतो. ही मोकळीक त्या ओळीनंच दिलेली असते. वजाबाकीच्या बाबतीत असं वाटप केलं, तर उत्तर चुकेल.

स्टेपानोव यांना जाणवलं ते असं: वाटून करण्याच्या या युक्तीला समोर संख्या आहेत की आणखी काही, याच्याशी देणंघेणं नाही. साहचर्य पाळणारी क्रिया असली की झालं. गणितात अशा रचनेला अर्धगट म्हणतात. म्हणजे अल्गोरिदमचं खरं घर बीजगणिताच्या रचनेत असतं. प्रत्येक अल्गोरिदमसाठी 'हा चालायला कमीत कमी काय लागतं?' हे विचारायचं आणि तेवढीच अट ठेवायची.

पुढच्या वर्षी, १९७७ साली, ते अमेरिकेत गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात त्यांना डेव्हिड मसर आणि आयआयटी कानपूरला शिकलेले दीपक कपूर हे सहकारी मिळाले. तिघांनी मिळून 'टेक्टॉन' ही भाषा मांडली. १९८१ साली तिच्यावरचा लेख आला. रचना आणि त्यांचे गुणधर्म यांचं वर्णन करता येईल अशी भाषा त्यांना हवी होती. टेक्टॉन काही कारखान्यात चालली नाही. मग स्टेपानोव यांनी आपली कल्पना घेऊन दुसऱ्यांच्या भाषांची दारं ठोठावली. आधी स्कीम, मग एडा, मग सी++.

नुसतं नाव

सी++चे जनक बियार्न स्ट्राउस्ट्रप ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आपल्या भाषेत 'टेम्प्लेट' आणत होते. टेम्प्लेट म्हणजे साचा: प्रकाराच्या जागी एक रिकामी जागा सोडून कोड लिहायचा आणि वापरताना ती भरायची. त्यांना साच्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या. तो कशासाठीही वापरता यावा, हातानं लिहिलेल्या कोडइतका वेगवान असावा, आणि त्याच्या अपेक्षा स्पष्ट मांडता याव्यात. पहिल्या दोन साधल्या, तिसरी साधेना. अटी लिहायचे जे मार्ग त्यांनी तपासले, त्यांत कुठे मोकळेपणा जात होता, कुठे वेग. तेव्हा तिसरी गोष्ट पुढे ढकलली गेली.

स्टेपानोव यांच्या पथ्यावर हे पडलंही आणि नाहीही. मेंग ली यांच्याबरोबर एचपीच्या प्रयोगशाळेत त्यांनी याच साच्यांवर एक लायब्ररी उभी केली. अँड्र्यू कोनिग यांच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १९९३मध्ये सॅन होजेला प्रमाणीकरण समितीपुढे ती मांडली, आणि जुलै १९९४मध्ये वॉटर्लूच्या बैठकीत समितीनं ती स्वीकारली. हीच ती एसटीएल, स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी. आज सी++ लिहिणारा बहुतेक प्रत्येकजण ती रोज वापरतो.

लायब्ररीला अपेक्षा होत्या, त्या अतिशय काटेकोर होत्या, आणि १९९८च्या प्रमाण दस्तऐवजात त्यांचे तक्तेच्या तक्ते छापलेले आहेत. पण ते माणसांनी वाचायचे. कोडमध्ये काय होतं? सॉर्टच्या साच्यातल्या रिकाम्या जागेला नाव दिलेलं असे 'रँडम-ॲक्सेस-इटरेटर', म्हणजे यादीत हवी तिथे उडी मारू शकणारा निर्देशक. नावातच अट लिहिलेली. कंपायलरच्या लेखी मात्र ते नुसतं नाव. तिथे 'बंडू' लिहिलं असतं तरी त्याला फरक पडला नसता.

याची फळं माझ्या पिढीनंही चाखली आहेत. बारावीला बायफोकलमध्ये मी सी++ शिकलो ते टर्बोच्या निळ्या पडद्यावर. तिथे यातलं काही कानावरही आलं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा हौसेनं लिंक्ड लिस्टला सॉर्ट लावलं. लिंक्ड लिस्टमध्ये एका कडीवरून पुढच्या कडीवरच जाता येतं, मधे उडी नाही. इतकंच सांगायचं होतं. त्याऐवजी पडद्यावर एररचा धबधबा सुरू झाला. मी न लिहिलेल्या फायलींची नावं, कोनी कंसांत कोनी कंस, आणि त्यात कुठेतरी गाडलेली तक्रार, की या दोन इटरेटरांची वजाबाकी करता येत नाही. मी कुठे वजाबाकी केली होती? ती सॉर्टच्या पोटात, यादीची लांबी काढताना होत होती. दारात कोणी अडवलं नाही, म्हणून चूक थेट माजघरात जाऊन आदळली.

पोथी आणि कीर्तन

दार बसवायचे गंभीर प्रयत्न २००३च्या सुमारास सुरू झाले. एका बाजूला स्ट्राउस्ट्रप आणि गॅब्रिएल डॉस रेईस, दुसऱ्या बाजूला इंडियाना विद्यापीठातली मंडळी: अँड्र्यू लम्सडेन, जेरेमी सीक, डग्लस ग्रेगर आणि इतर. अपेक्षा भाषेतच लिहिता आल्या पाहिजेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं, आणि मला या सगळ्या इतिहासात ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न असा. एखादा प्रकार अपेक्षा पूर्ण करतो, हे ठरवायचं कोणी? एक मार्ग म्हणजे कंपायलरनं बघावं: हव्या त्या क्रिया आहेत ना, मग जुळलं. दुसरा मार्ग म्हणजे प्रोग्रामरनं स्वतः लिहून द्यावं, की माझा हा प्रकार अमुक कन्सेप्टमध्ये बसतो. पहिल्यात कष्ट कमी. दुसऱ्यात जागोजागी अशी सह्या केल्यासारखी विधानं लिहीत बसायचं. मग दुसरा मार्ग कोणाला का हवा असावा?

कारण काही फरक क्रियांच्या यादीत दिसतच नाहीत. पोथी वाचणं आणि कीर्तन ऐकणं घ्या. दोन्हींत 'पुढचं ऐकू' ही एकच क्रिया. पण पोथीत खूण घालून ठेवली, की मागचं पान पुन्हा उघडता येतं; कीर्तनात गेलेलं वाक्य गेलं. एसटीएलमध्ये नेमकी अशी जोडी आहे. यादीवरून चालणारा इटरेटर पोथीसारखा आहे. त्याची प्रत ठेवली तर नंतर परत त्या जागेवरून वाचता येतं. कीबोर्डवरून किंवा फायलीतून येणारा प्रवाह वाचणारा इटरेटर कीर्तनासारखा आहे. त्याचीही प्रत काढता येते, पण मूळ पुढे सरकला, की त्या प्रतीवर विसंबता येत नाही. कंपायलरनं नुसत्या क्रिया मोजल्या तर त्याला दोघे सारखेच दिसतील, आणि दोनदा वाचायची गरज असलेला अल्गोरिदम तो खुशाल कीर्तनावर चालवेल.

इंडियानाच्या आराखड्यात दोन्ही सोयी होत्या, शिवाय प्रकार आणि कन्सेप्ट यांची सांगड घालणारे 'कन्सेप्ट मॅप'ही. इतकंच काय, साहचर्यासारखे नियम 'ॲक्सिअम' म्हणून लिहून ठेवायचीही जागा होती. कंपायलरनं ते तपासावेत अशी मात्र सक्ती नव्हती. सप्टेंबर २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीत हा सगळा डोलारा पुढच्या प्रमाणाच्या मसुद्यात घेतला गेला. पुढच्या जूनमध्ये स्ट्राउस्ट्रप यांनी एक निबंध सादर केला. त्यांचं म्हणणं होतं, की सामान्य प्रोग्रामरला हे झेपणार नाही. जुळणी आपोआप व्हावी, आणि जिथे केवळ अर्थाचा फरक आहे तिथेच स्पष्ट विधान मागावं. एव्हाना वेळ उरला नव्हता. जुलै २००९मध्ये फ्रँकफुर्टला समितीनं मतदान करून कन्सेप्ट्स मसुद्यातून पूर्णपणे काढून टाकले.

अनेकांची कित्येक वर्षांची मेहनत एका बैठकीत बाहेर गेली. स्ट्राउस्ट्रप यांनी त्याच महिन्यात लेख लिहून सांगितलं, की हे निराशाजनक आहे, पण उरलेले पर्याय याहून वाईट होते. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती समितीतली नेहमीची मारामारी वाटली होती. माझ्या त्या रात्रीनंतर पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की वाद माझ्याच चुकीबद्दल चालला होता. 'क्रिया आहे' आणि 'क्रिया शब्दाला जागते' यांतल्या अंतरावर पूल बांधायचा, की तिथे नुसती पाटी लावायची?

हलकं रूप

पुढची गोष्ट थोडक्यात. २०११ साली पालो आल्टोत स्टेपानोव आणि स्ट्राउस्ट्रप यांच्यासह एक गट जमला आणि एसटीएलच्या अपेक्षा त्यांनी नव्यानं, बेतानं लिहून काढल्या. त्याच वाटेनं अँड्र्यू सटन यांनी मांडलेला प्रस्ताव 'कन्सेप्ट्स लाइट' म्हणून ओळखला गेला. कन्सेप्ट मॅप नाहीत, ॲक्सिअम नाहीत, जुळणी आपोआप. २०१५ साली तो तांत्रिक मसुदा म्हणून प्रसिद्ध झाला, २०१७च्या प्रमाणात त्याला जागा मिळाली नाही, आणि जुलै २०१७मध्ये टोरांटोच्या बैठकीत तो पुढच्या मसुद्यात घेतला गेला. डिसेंबर २०२०मध्ये सी++२० प्रसिद्ध झालं. हॉस्पिटलातल्या त्या ग्लानीला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

दार बसलं, आणि ते चांगलं बसलं. आता लिंक्ड लिस्टला नव्या पद्धतीचं सॉर्ट लावलं, तर कंपायलर साच्याच्या उंबऱ्यावरच अडवतो आणि कोणती अट पूर्ण झाली नाही तिचं नाव सांगतो. पोथी-कीर्तनाचा पेचही सोडवला आहे: तिथे इटरेटरनं 'मी कोणत्या वर्गातला' हे स्वतः जाहीर करावं लागतं. सही मागितली जाते, पण मोजक्याच ठिकाणी.

एका रविवारी मी माझी जुनी चूक पुन्हा लिहिली. तीच तुलना, बरोबरीच्या चिन्हासकट, या वेळी सी++२०च्या नव्या सॉर्टला दिली. सॉर्टची तुलनेबद्दलची अपेक्षा आता भाषेत, नाव देऊन लिहिलेली आहे: काटेकोर क्रम. 'काटेकोर' म्हणजेच सारख्या दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या आधी नाही. माझी तुलना ती अट धडधडीत मोडते.

कंपायलर गप्प. प्रोग्राम चालला, आणि कोसळला.

मी प्रमाण दस्तऐवज उघडला. तिथे स्वच्छ लिहिलं आहे, की 'कोणताही संबंध' आणि 'काटेकोर क्रम' या दोन कन्सेप्ट्समधला फरक केवळ अर्थाचा आहे. कंपायलरला तपासता येतं ते इतकंच, की दोन वस्तू दिल्यावर हो किंवा नाही असं उत्तर मिळतं. छत्तीस गुण जुळतात की नाही ते तो बघेल. नांदण्याची हमी त्याच्याकडे नाही.

परत बेरजेकडे

इतर भाषांत काय आहे, तेही मी पाहिलं. हास्केलमध्ये १९८९पासून चालत आलेले टाइप क्लास आहेत, रस्टमध्ये ट्रेट आहेत. दोन्हीकडे प्रोग्रामरला स्पष्ट विधान करावं लागतं. २०२२ साली गो भाषेनंही अटींसकट जेनेरिक्स आणले. पण हास्केलमध्येसुद्धा मोनॉइडच्या क्रियेनं साहचर्य पाळावं हा नियम दस्तऐवजात लिहिलेला असतो. कंपायलर तो सिद्ध करून मागत नाही. सिद्धता मागणाऱ्या भाषा आहेत, पण तिथे प्रत्येक विधानामागे सिद्धता लिहिण्याचे कष्ट आहेत, आणि पावणेतीनच्या ऑर्डरी काही त्यांच्यात लिहिल्या जात नाहीत.

स्टेपानोव यांच्या मूळ उदाहरणाचं काय झालं? २०१७च्या प्रमाणात 'रिड्यूस' आलं: बेरीज वाटून, हव्या त्या क्रमानं करणारं फंक्शन. ग्लानीत दिसलं होतं जवळपास तेच. लोक त्याला सर्रास दशांश अपूर्णांक देतात, आणि संगणकातल्या दशांश अपूर्णांकांची बेरीज साहचर्य पाळत नाही. संगणक त्यांचे सुमारे पंधरा-सोळा अंकच लक्षात ठेवतो. म्हणून एकावर वीस शून्यं एवढी संख्या घ्या, त्यातून तीच वजा करा, मग एक मिळवा: उत्तर एक. आता कंस हलवा. उणे त्या प्रचंड संख्येत आधी एक मिळवला, तर तो तिच्यापुढे हरवून जातो. मग मूळ संख्या मिळवली, की उत्तर शून्य. त्यामुळे रिड्यूसला अपूर्णांक दिले, तर दोन वेळच्या चालवण्यात उत्तर किंचित वेगळं येऊ शकतं. कंपायलर याबद्दलही अक्षर काढत नाही. अधिकचं चिन्ह त्याला सापडलेलं असतं.

आधी मला याचा राग यायचा. एवढ्या वर्षांत, एवढ्या हुशार माणसांनी अर्धीच अट पदरात टाकली, असं वाटायचं. आता वाटतं, की उरलेली अर्धी मुळातच आपल्याकडे होती. शाळेत 'कंस कुठेही टाका' हे वाक्य पाठ केलं, तेव्हा ती मोकळीक कशाच्या जोरावर मिळते हे मी कधी विचारलं नव्हतं. स्टेपानोव यांनी ते विचारलं. कन्सेप्टमुळे निदान त्या प्रश्नाला कोडमध्ये एक नाव मिळालं आहे. 'काटेकोर क्रम' हे शब्द दिसले, की थांबून स्वतःला विचारता येतं: सारखे दोघे समोर आले तर?

त्या कोसळलेल्या प्रोग्रामची टेस्ट अजून आमच्याकडे आहे. तिच्यात एकाच प्राधान्याच्या सतरा ऑर्डरी आहेत. टीममध्ये नवीन आलेलं कोणी ना कोणी विचारतंच, सतराच का? मग मी सांगतो, की आमच्या कंपायलरबरोबर येणारं सॉर्ट सोळापर्यंतच्या याद्या एका साध्या, सावध पद्धतीनं लावतं. सतराव्यापासून ते आपल्या तुलनेवर विश्वास ठेवून, हद्द न तपासता पुढे पळतं. माझ्या टेस्टमध्ये दहा-बाराच ऑर्डरी होत्या.